प्रतिसाद: सड्यावरची वेळ आणि प्रगती

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ पठारावरच्या, त्याच उतारावरून सायकलने उतरताना महिनोन्‌महिने वेळ कमी होत नाही म्हणून हिरमुसल्याचं तुम्ही लिहिलंय. घड्याळ थोडं बाजूला ठेवा. गोव्यात जांभ्याची पकड ऋतूगणिक बदलते: पावसात शेवाळ, उन्हाळ्यात वर सुटे खडे. ऑगस्टची वेळ मार्चशी ताडणं म्हणजे स्वतःवर अन्याय.

त्याऐवजी २०-३० मीटरचा एकच तुकडा घ्या, एकच गोष्ट ठरवा, ५ फेऱ्या मारा. आधी नजर. भीती वाटली की डोळे पुढच्या चाकावर खिळतात, हात आखडतात, वळणातच पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो आणि चाक निसटतं. म्हणून वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करा. ब्रेकवर एकच बोट, टाचा खाली, नजर वळणाच्या शेवटाकडे. ५ पैकी ४ फेऱ्या पाय न टेकता जमल्या तरच पुढचा तुकडा.

टायरची हवाही बघा, बऱ्याचदा दोष मनाचा नसतोच. २-२ पीएसआयने (हवेच्या दाबाचं एकक) उतरवत जा; रिम दगडावर आपटू लागली की २ परत भरा. ट्यूब असेल तर जरा जास्तच ठेवा, नाहीतर ती रिमखाली चिमटून पंक्चर होते.

आणि बोटं दुखू लागली की त्या दिवशी थांबा. दमलेल्या हातांना चुकीचीच सवय लागते.