शब्दचर्चा : 'रोमनेस्क'ला मराठीत काय म्हणावं?

युरोपातल्या मध्ययुगीन चर्चांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'रोमनेस्क' या गोल कमानींच्या, जाड भिंतींच्या बांधकामशैलीच्या नावावर अडले. 'रोमन शैली' लिहिलं तर वाचक थेट कलोसियमपाशी जातो, आणि ही बांधकामं त्यानंतर हजारेक वर्षांनी, मुख्यतः ११व्या-१२व्या शतकांतली. 'रोमनसदृश' कानाला कोरडं लागतं.

प्रतिसाद
या शब्दाचं मूळ भाषाशास्त्रातच आहे. १८१८ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीतले अभ्यासक शार्ल द जेरव्हिल यांनी एका पत्रात या बांधणीला 'रोमान' म्हटलं (रोमनेस्कचं फ्रेंच नाव). लॅटिन बदलत, बिघडत फ्रेंच झाली, तशीच रोमन बांधणी बिघडून ही झाली, असा त्यांचा तर्क. पुढे फ्रेंच अभ्यासक आर्सिस द कोमाँ यांनी शब्द रूढ केला. ज्या गवंड्यांनी ही चर्चं उभी केली त्यांना हे नाव ठाऊकच नव्हतं. आपल्या परंपरेत या तर्काला नेमका शब्द आहे : अपभ्रंश. 'रोमन-अपभ्रंश शैली' कसं वाटतं?

प्रतिसाद
व्युत्पत्तीला धरून आहे, पण मला पटत नाही. १९व्या शतकात ही शैली नव्याने वापरणारा अमेरिकन वास्तुकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन पॅरिसला शिकून अमेरिकेत परतला, आणि बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चचा (१८७७) मनोरा रचताना त्याने स्पेनमधल्या सालामांकाच्या जुन्या रोमनेस्क कॅथीड्रलकडे पाहिलं. शिकागोतलं त्याने याच वळणावर रचलेलं मार्शल फील्ड कंपनीचं घाऊक मालाचं दुकान १९३० मध्ये पाडलं गेलं. पण त्याआधीच वास्तुकार लुई सलिव्हनने ते पाहून शिकागोतल्याच आपल्या ऑडिटोरियम इमारतीचा दर्शनी भाग साधा, भारदस्त केला होता. थोर वास्तुकार ज्याच्याकडे शिकायला जातात, त्याला बिघडलेलं कसं म्हणायचं?

'रोमनवळणी' घ्या. अक्षराला वळण असतं, घराण्याला वळण असतं, आणि कमानीलाही.

प्रतिसाद
'रोमनवळणी' फार आवडला. फक्त गोल कमान म्हणजेच रोमनेस्क, असा अर्थ त्यातून निघू नये. इंग्लंडमधल्या डरॅमच्या रोमनेस्क कॅथीड्रलचं काम १०९३ मध्ये सुरू झालं. तिथे मधल्या दालनाच्या छताला टोकदार कमानीही आहेत.

मूळ प्रश्नकर्ती
आभार. 'बॅरल व्हॉल्ट'साठी (अर्ध्या पिंपासारखं लांबट गोलाकार छत) 'गजपृष्ठाकार छत' लिहिलंय, कार्ल्याच्या चैत्यगृहाबद्दल लिहितात तसं. चालेल ना?

प्रतिसाद
आकारासाठी चालेल. पण कार्ल्याचं छत कड्यातच कोरलेलं, तर चर्चांचं एकेक दगड रचून पेललेलं. त्याचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान. म्हणून 'दगडी बांधणीचं गजपृष्ठाकार छत' लिहा.

मूळ प्रश्नकर्ती
तसंच करते. पहिल्यांदा 'रोमनेस्क, म्हणजे रोमनवळणी', पुढे नुसतं 'रोमनवळणी'. रिचर्डसनच्या इमारतींना 'नव-रोमनवळणी'.