मदत हवी आहे: डेंड्रायटिक पेशी एचआयव्हीला पचवत का नाहीत?

नमस्कार मंडळी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारं कोणी असेल तर जरा मदत करा. वर्गात प्रतिकारशक्ती शिकवते आहे आणि एका ठिकाणी गाडं अडलंय.

डेंड्रायटिक पेशींचं काम म्हणजे पहारा द्यायचा, जंतू गिळायचा, त्याचे तुकडे करून लसिका ग्रंथीतल्या टी पेशींना दाखवायचे. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र पहारेकरीच चोराची पालखी वाहतो! पृष्ठभागावरचे डीसी-साइन, सिग्लेक-१ हे रेणू विषाणूला पकडतात आणि काही विषाणू न पचता, अख्खेच्या अख्खे, एका कप्प्यात राहतात. पुढे सीडी४ टी पेशी (एचआयव्हीचं मुख्य लक्ष्य असलेली टी पेशी) येऊन चिकटली की त्या सांध्यातून ते तिच्यात शिरतात. डेंड्रायटिक पेशीला स्वतःला संसर्ग व्हायचीही गरज नसते. (तिच्यातलं सॅमएचडी१ हे प्रथिन तो बऱ्यापैकी रोखतंच.) इथपर्यंत ठीक.

पण लँगरहान्स पेशी (त्वचेतल्या, डेंड्रायटिक पेशींसारख्याच पहारेकरी पेशी) लँगरिन या पृष्ठभागावरच्या रेणूच्या मदतीने हाच विषाणू पकडून नष्ट करू शकतात. मग फरक नेमका कशामुळे पडतो, पकडणाऱ्या रेणूमुळे की आत नेणाऱ्या वाटेमुळे? सिग्लेक-१ विषाणूच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंना धरतो, जीपी१२० या आवरणावरच्या प्रथिनाला नाही, एवढं कळलंय. त्याचा इथे संबंध आहे का?

आणि हो, पेशीतून पेशीत असा थेट गेलेला विषाणू प्रतिपिंडांच्या तावडीत कमी सापडतो ना? मुलं हे विचारणारच. कोणाकडे सोपी आकृती असेल तर सोन्याहून पिवळं.