मदत हवी आहे: चिंक्वे तेर्रे बघायला ला स्पेझियात स्वस्तात कुठे राहू?

मे महिन्यात एकटीच सॅक पाठीवर टाकून इटलीला जातेय. चिंक्वे तेर्रेच्या, म्हणजे समुद्रकाठच्या पाच गावांतले खोल्यांचे भाव बघून डोळे पांढरे झाले, म्हणून जवळच्या ला स्पेझिया शहरात राहून ट्रेनने ये-जा करावी म्हणते. पाचांतलं पहिलं गाव रिओमाज्जोरे तिथून ट्रेनने जेमतेम दहा मिनिटांवर. ला स्पेझियातल्या हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये कुणी राहिलंय का? रात्री उशिरा स्टेशनवरून एकटीने चालत जाणं ठीक आहे ना? व्हिसासाठी बुकिंग दाखवावं लागतं, तेव्हा फुकटात रद्द होणारंच सुचवा. पाचांतल्याच कोर्निल्याला स्टेशनपासून गावापर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. त्या सॅक घेऊन कोण चढणार, तर चेकआउटच्या दिवशी ती कुठे ठेवता? आणि ट्रेनसकट मिळणारं चिंक्वे तेर्रे कार्ड घ्यावं की सुटी तिकिटं परवडतात? जेवणाचं सोडा, बेसनाच्या जाड धिरड्यासारखी फारिनाता मिळाली की माझं भागतं.