चेन्नईहून जुनी शिडाची बोट पुण्यात आणायचीय, कोणी आणलीय का?

धायरीचा_दर्यावर्दी
नमस्कार मंडळी. पुण्याला समुद्र नाही हे मला माहितीय, बायकोने चार दिवसात चार वेळा सांगून झालंय, तेव्हा तेवढं सोडून बाकीचं बोला. चेन्नईच्या एका गृहस्थांकडून जुनी एंटरप्राइज घेतोय, म्हणजे दोन माणसांची शिडाची बोट, १३ फूट ३ इंच लांब, रुंदी सव्वापाच फूट, फायबरची. ६५ हजाराला ठरली, त्यात सेलचे (शिडांचे) दोन सेट, बूम (शिडाच्या खालची आडवी काठी), रडर (सुकाणू), सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात सोडायची उभी फळी) सगळं आलं. कॉलेजात एनसीसी नेव्हीत असताना हीच बोट शिकलो होतो, त्यामुळे फोटो बघितल्यावर डोकं चाललंच नाही, सरळ १० हजार टोकन देऊन बसलो आणि मग लक्षात आलं की ही आणायची कशी.

तीन ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन केले. एक म्हणाला १७ फुटी गाडी पूर्ण घ्या, ४६ हजार. दुसरा म्हणाला पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर, १४ हजारात टाकतो. तिसऱ्याने विचारलं बोट म्हणजे हेडफोन ना, किती बॉक्स आहेत.

पार्ट लोडने पाठवावी का? आणि मास्टचं (डोलकाठीचं) काय करायचं, तो एकसंध आहे, सेलरने म्हणजे विकणाऱ्याने मोजून साडेवीस फूट सांगितलाय. अंतर बाराशे किमीच्या आसपास आहे. पावसाच्या आत आणायचीय.

सदाशिव_वजा_पेठ
आधी खरेदी मग चौकशी, छान पद्धत आहे. असो. मास्ट गाडीत तिरका टाका की. १९ फुटी गाडीचा हौदा साधारण सात फूट रुंद असतो, १९ चा वर्ग ३६१, सातचा ४९, बेरीज ४१०, वर्गमूळ सव्वावीस. तुमचा साडेवीस. म्हणजे तीन इंच कमी पडतात. आता एक टोक साडेतीन फूट वर उचललं तर साडेवीसच्या किंचित वर जातं, मास्ट बसतो. आठवीचं गणित आहे, ट्रान्सपोर्टवाल्याला विचारायची गरज नव्हती.

आयशरवाला_निगडी
सर गणित बरोबर आहे पण मास्ट तिरका टाकल्यावर बोट कुठं ठेवणार, त्याच्या डोक्यावर का 😀 आम्ही पाइप रोज वाहतो. ओपन बॉडी १७ फुटी घ्यायची, बोट हौद्यात सरळ, मास्टचं मागचं टोक हौद्यात आणि पुढचं केबिनच्या टपावर गोणपाट टाकून, त्याच्यावर बांधायचं. हौदा १७ आणि केबिन पाच-एक फूट, गाडीच्या बाहेर पुढंमागं काहीच येत नाही. हे महत्त्वाचं आहे कारण २०१९ पासून माल गाडीबाहेर आला की २० हजाराचा दंड आहे, वर माल उतरवायचा खर्च वेगळा. छोटा हत्ती नाहीतर पिकअपमध्ये टाकून मागं लाल फडकं बांधून आणतो म्हणणारे भेटतील त्यांचं ऐकू नका, बाराशे किमीत कुठंतरी धरणारच.

दुसरं, ४६ हजार हा जाऊन-येऊनचा रेट लावलाय त्यांनी. तुम्ही पुण्यातून चौकशी केली ना म्हणून. श्रीपेरंबुदूर, ओरगडम ह्या पट्ट्यात गाड्यांचे कारखाने आहेत आणि इकडं आपलं चाकण, दोन्हीकडून सुट्या पार्टच्या गाड्या सारख्या चालू असतात. चाकणवरून माल घेऊन गेलेली गाडी तिकडं परतीच्या लोडची वाट बघत दोन दोन दिवस उभी असते. चाकण नाहीतर निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत जाऊन विचारा की तुमची कुठली ओपन गाडी चेन्नईला खाली होणारेय. तारीख तुमची चालणार नाही, गाडीची चालेल. अर्ध्या पैशात काम होतं.

पार्ट लोड अजिबात नको. पार्ट लोड म्हणजे बोट तिथल्या गोडाऊनला उतरणार, मग मोठ्या गाडीत चढणार, कदाचित बेंगळुरूला परत उतरणार, मग पुण्यात. चार वेळा हमाली. आणि प्रत्येक वेळी बोटीत रिकामी जागा दिसली की कोणीतरी त्यात पेंटचे डबे नाहीतर ग्राइंडर ठेवणार. त्यांची पण चूक नाही, त्यांच्या लेखी ते मोठं घमेलंच आहे.

पर्वतीचा_पक्या
मित्राने रेल्वे पार्सलने बुलेट आणली होती दिल्लीवरून. टाकीतलं पेट्रोल काढायचं, गोणपाट गुंडाळायचं, झालं. बोटीत तर पेट्रोल पण नाही.

धायरीचा_दर्यावर्दी
@पर्वतीचा_पक्या सव्वातेरा फूट आहे रे, पार्सलच्या डब्यात बुलेटशेजारी उभी करू का.
@आयशरवाला भाऊ एक नंबर माहिती दिलीत. उद्याच जातो निगडीला.

एपॉक्सी_काका
उशिरा वाचलं, पण थोडं थांबा. गाडीचं नंतर बघू, आधी बोटीचं. मी फायबरचं काम करतो आणि एकदा चांगला फसलोय म्हणून सांगतो.

फायबरच्या जुन्या बोटीत रंग बघायचा नसतो, वजन बघायचं असतं. एंटरप्राइजचा नुसता हल, म्हणजे शीड-मास्ट सोडून बोटीचं अंग, शंभर किलोच्या आतबाहेर असायला पाहिजे. बाजूंना ज्या बंद टाक्या असतात, ज्यामुळे बोट उलटली तरी बुडत नाही, त्यात वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, आत फोम असेल तर तो स्पंजासारखा पितो आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. सेलरला सांगा घरातले दोन वजनकाटे घ्या, एक पुढे एक मागे, वर उशा आणि त्यावर बोट, दोन्ही आकड्यांची बेरीज. १५०-१६० निघालं तर तुम्ही चेन्नईचं पाणी भाडं देऊन पुण्यात आणताय. दुसरं, व्हिडिओ कॉलवर त्यांना डेकवर एक रुपयाचं नाणं वाजवत फिरायला सांगा. टक टक आवाज आला की ठीक, कुठं ढब ढब आला की तिथं थर सुटलेत. मास्टच्या बुडाशी आणि जिथं दोऱ्यांच्या कप्प्या बसवल्यात तिथं मुद्दाम वाजवायला सांगा. वजन आणि नाणं, दोन्हीत पास झाली तरच उरलेले ५५ द्या.

आता बांधणी. माझी बोट गोव्याहून आणली होती टाटा ४०७ ट्रकमध्ये, मे महिना. ट्रान्सपोर्टवाल्याने हौद्यात दोन फळ्या आडव्या टाकल्या, त्यावर बोट ठेवली आणि वरून पट्टा घालून रॅचेटने (पट्टा आवळायच्या खटक्याने) असा काही आवळला की बघून मला बरं वाटलं, म्हटलं आता हलत नाही. हललीच नाही. कोल्हापूरच्या अलीकडे जेवायला थांबले, दीडदोन तास भर उन्हात. घरी येऊन बघतो तर फळ्या होत्या तिथं तळाला दोन खड्डे, परातीएवढे. पॉलिस्टर रेझिन तापलं की नरम पडतं, त्यात सगळा भार दोन रेघांवर आणि वरून पट्ट्याचा दाब. एक खड्डा वाफेने आणि आतून धिरा देऊन आला वर, दुसरा अजून आहे, पाहुण्यांना दाखवतो.

म्हणून भार पसरवायचा. ट्रकच्या जुन्या ट्यूब अर्धवट हवा भरून तळाखाली टाका, नाहीतर काथ्याच्या गाद्या, नाहीतर घरातल्या जुन्या गोधड्या चार पदरी. टायर नको, काळे डाग पडतात ते जेलकोटमधून (फायबरवरच्या चकचकीत थरातून) जात नाहीत. मुख्य भार मधल्या कण्यावर आला पाहिजे, बाजूंना फक्त डुलू नये एवढा आधार. पट्टा हाताने ओढून घट्ट होतो तेवढाच, रॅचेट ड्रायव्हरच्या हातात देऊच नका. पट्टा जिथं काठावरून वळतो तिथं गालिच्याचा तुकडा.

आणि ताडपत्री घालू नका हो! सगळ्यांना वाटतं झाकली की जपली. ताशी ६० च्या वाऱ्यात ताडपत्री बारा तास फडफडली की सँडपेपर मारल्यासारखा रंग जातो. झाकायचीच तर आधी चादरी गुंडाळून त्यावर दोरी, काही मोकळं राहता कामा नये.

टाक्यांची बुचं काढून ठेवा. समुद्रसपाटीवरून ५६० मीटरवर येणार तुम्ही, त्यात ऊन, आतली हवा फुगते आणि बाहेर पडायला जागा नसली की सांधा उकलतो. बुचं पिशवीत घालून ती पिशवी बोटीतच कुठंतरी बांधा, नाहीतर पुण्यात आल्यावर बुचं शोधत बसाल.

जाता जाता, १९८२ च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती मुंबईला झाल्या त्यात ही एंटरप्राइज होती. १९५६ चं डिझाइन आहे पण चालवायला अजून गोड बोट.

कागदपत्र_कदम
कागदांचं कोणी बोललंच नाही. किंमत ५० हजाराच्या वर आहे म्हणजे ई-वे बिल, माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. जुन्या घरगुती सामानाला सूट आहे हे खरं, पण शिडाची बोट हे घरगुती सामान कसं ते रात्री दोन वाजता रस्त्यात अडवलेल्या ड्रायव्हरने समजावून सांगायचं का? जीएसटी नंबर नसला तरी पोर्टलवर साधा नागरिक म्हणून बिल काढता येतं, काढून टाका. सेलरकडून विक्रीचं पत्र सहीनिशी, दोघांच्या ओळखपत्राची झेरॉक्स, बोटीचे फोटो आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची माल घेतल्याची पावती), एवढं ड्रायव्हरकडे.

इन्शुरन्स एका फेरीपुरता मिळतो. गंमत म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या पॉलिसीला पण मरीनच म्हणतात, तुमच्या केसमध्ये पहिल्यांदाच शोभेल. जुन्या वस्तूला ओरखडे-पोचे धरत नाहीत, गाडी उलटली, आग लागली असल्या मोठ्या गोष्टींपुरता उपयोग. म्हणून गाडीत चढवायच्या आधी आणि नंतर तारखेसकट व्हिडिओ.

आणि माणूस खरा आहे ना ते बघा. मी मिलिटरीत आहे, बदली झालीय, वस्तू आर्मीच्या ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी भाडं टाका, ही ऑनलाइनची जुनी टोपी आहे.

धायरीचा_दर्यावर्दी
माणूस खरा आहे, रिटायर्ड आहेत, काल व्हिडिओ कॉलवर नाणं वाजवत पाऊण तास बोटीभोवती फिरले, त्यांच्या मिसेस मागून फिल्टर कॉफी आणून देत होत्या. सगळीकडे टक टक, डाव्या टाकीवर एका जागी जरा बसका आवाज. वजन १२४ भरलं. काका काय म्हणता?

एपॉक्सी_काका
१२४ फिटिंगसकट ना? चालेल. डाव्या टाकीत थोडं पाणी असणार. ४ हजार कमी करून मागा, घ्या.

सदाशिव_वजा_पेठ
बोट येईल हो. ठेवणार कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका माणसाने सायकल आडवी लावली तर आमच्याकडे नोटीस लागते. आणि चालवणार कुठे? खडकवासल्याचं पाणी पुणं पितं, जलसंपदाच्या परवानगीशिवाय तिथं काही उतरवता येत नाही, आणि एका काठाला एनडीए (लष्करी अधिकाऱ्यांची प्रबोधिनी) आहे, तिकडे वारा घेऊन गेला तर तुमचं स्वागत वेगळ्या पद्धतीने होईल.

धायरीचा_दर्यावर्दी
परवानगीचा अर्ज दिलाय, तोवर मामाच्या शेडमध्ये राहील नांदेड गावाजवळ, आपलं सिंहगड रोडचं. सोसायटीत विचारून बघितलं, चेअरमन म्हणाले टू व्हीलर की फोर व्हीलर ते सांगा, मग जागा बघू.

आयशरवाला_निगडी
शेडमध्ये आणताय ते बरं, दिवसा शहरात मोठी गाडी सोडत नाहीत. ड्रायव्हरला पहाटेची वेळ द्या. आणि नवले पुलाच्या उतारावर कडेला थांबवून छोट्या गाडीत घेतो वगैरे आयडिया करू नका, तिथं उभं राहायची जागा नाही. उतरवायला सहा माणसं ठेवा, चारात उचलते पण हौद्याची उंची असते.

धायरीचा_दर्यावर्दी
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, सॉरी.

बोट आली! निगडीला दोन दिवस चकरा मारल्या, तिसऱ्या दिवशी एक गाडी मिळाली, चाकणवरून माल घेऊन गेलेली, १७ फुटी ओपन. २४ हजार ठरले, वर चढवायचे १२०० वेगळे. मी रात्रीच्या ट्रेनने चेन्नईला गेलो कारण काकांच्या त्या परातीएवढ्या खड्ड्यांनी झोप उडवली होती. चार ट्यूब इथूनच पंक्चरवाल्याकडून घेऊन गेलो, ट्रेनमध्ये शेजारच्यांना वाटलं पोहायला चाललोय. ड्रायव्हर सोलापूरकडचे, त्यांनी बोट बघितली, एक फेरी मारली आणि म्हणाले ही तर नवरीसारखी न्यायला लागणार. खरंच नेली. बेंगळुरूच्या अलीकडे पाऊस लागला तेव्हा थांबून बोटीत साचलेलं पाणी बादलीने काढलं आणि मला फोटो पाठवला. बुचं उघडी होती त्यामुळे थोडं टाकीत गेलंच, पण इथं आल्यावर बोट मागे कलती करून ठेवली तर डाव्या टाकीतून एवढं गढूळ पाणी आलं की ते काही बेंगळुरूचं नव्हतं. मास्ट केबिनच्या टपावर, एक ओरखडा नाही. रस्त्यात एकदाच अडवलं, कागद बघितले, मग साहेबांनी बोटीसोबत सेल्फी काढला.

नांदेड गावात पहाटे साडेपाचला उतरवली. सहा माणसांच्या ऐवजी अकरा जमली, दूधवाला पण हात लावून गेला. बायको आली होती, काही बोलली नाही, पण बोटीत बसून बघितलं.

आता खरी गोष्ट. सगळं सामान मोजून चढवलं होतं, सेल, बूम, सेंटरबोर्ड, दोऱ्या, बुचांची पिशवी. रडर त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवला होता तो तिथेच राहिला. साधारण चार फूट लांब, पाच-सहा किलो, गोणपाटात बांधून तयार आहे. चेन्नईहून पुण्याला गाडीने कोणी येणारं असेल तर सांगा प्लीज, बिर्याणी माझ्याकडून.

पर्वतीचा_पक्या
रडर तरी रेल्वे पार्सलने येईल ना रे 😂