दुचाकी कुणी शिकवली, लायसन कसं निघालं? (अनुभव धागा)

सोनकी (सातारा)

आज सकाळी लेकीनं घरी बसूनच लर्निंगची परीक्षा दिली. आधार जोडलं, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघितला, चिन्हांचे प्रश्न सोडवले आणि चहा गार व्हायच्या आत परवान्याची पीडीएफ मोबाइलवर आली. ती घरभर नाचत होती आणि मला आमचे अण्णा आठवत होते.

अण्णांनी मला गाडी शिकवली ती तालीम संघाच्या मैदानावर. बजाज सनी होती आमची. पहिल्या दिवशी सुरूच करू दिली नाही. स्टँडला लाव, काढ, बंद गाडी हातानं ढकलत मैदानाला चक्कर मार, आडवी झाली तर एकटीनं उचल, एवढंच. नंतर एके दिवशी कबड्डीच्या पोरांकडून मूठभर फक्की मागून आणली आणि आडवी रेघ मारली. वेगात यायचं, रेघ दिसली की ब्रेक. गाडी रेघेच्या पुढं जितकी जाई तितकं अंतर ते एकेक पाऊल टाकत चालून दाखवायचे आणि शेवटच्या पावलाला उभे राहून म्हणायचे, "इथं एखादं पोर असतं." ओरडले कधीच नाहीत. पण त्या पावलांची मला जी धास्ती बसली ती आजही पोवई नाक्यावर उपयोगी पडते.

आता घरात मतभेद आहेत. हे म्हणतात, तिला चालवता येतेच की, महिनाभरानं टेस्ट देईल, झालं. माझं म्हणणं, टेस्टच्या आधी तिनं कुणाकडं तरी रीतसर शिकावं. टेस्टमधला आठचा आकडा काढता येणं आणि हायवेवर बाहेर पडणं यात फार अंतर आहे. तुम्हाला कुणी शिकवलं? कुणी व्यवस्थित कोर्स केलाय का? लिहा, तिला वाचायला देणार आहे.

मी_मिरजकर

सनी!! आमच्या मावशीची लाल होती. लेकीचं अभिनंदन, कंदी पेढे इकडं पाठवा.

घाटवाट (कराड)

ताई, कोर्स द्याच. मी गावात काकाच्या राजदूतवर शिकलो. शिकवणी एकाच वाक्याची होती, "पुढचा ब्रेक धरू नको, पलटी होशील." आमच्याकडं अख्खी पिढी मागच्या ब्रेकवर चालवते. लायसन निघालं, आठ काढला, पाय टेकला नाही, पास. पुढं नोकरीत कंपनीनं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं तेव्हा कळलं की काकाची ती शिकवण उलटी होती.

सरांनी रिकाम्या आवारात शंकू लावले होते. आधी फक्त मागचा ब्रेक, मग फक्त पुढचा, मग दोन्ही मिळून. जमिनीवर खुणा केलेल्या, त्यामुळं फरक डोळ्यांना दिसत होता. ब्रेक लागला की गाडीचा नि आपला भार पुढं येतो, मागचं चाक हलकं होतं, म्हणून मागचं लगेच लॉक होऊन घसरतं आणि थांबवायची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते. पण पुढचा झटक्यात आवळायचा नाही, दाबत न्यायचा. लिंबू पिळताना कसा जोर वाढवत नेतो, तसा. हँडल सरळ असतानाच. वळणात, मातीवर, ओल्या रस्त्यावर अगदी हलका. मग टँकरनं पाणी मारून परत तेच करायला लावलं. मागचं चाक लॉक झालं की गाडीचं ढुंगण कसं बाजूला जातं हे एकदा सुरक्षित जागी अनुभवलेलं बरं, रस्त्यावर पहिल्यांदा कळायला नको.

दुसरं म्हणजे नजर. खड्ड्याकडं बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते. जिथून जायचंय तिकडं बघायचं, मान वळवून. यवतेश्वरच्या वळणांवर मला हे एकच शिक्षण सगळ्यात कामाला आलंय.

२०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सोय) सक्तीचं झालं, १२५ पर्यंतच्यांना तेव्हा सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेले) चालत होतं. तुमची गाडी कोणती आहे ते बघून तिला समजावून सांगा. सीबीएसच्या स्कूटरला डावा लिव्हर दाबला की पुढचाही थोडा लागतो, लोकांना हे माहीतच नसतं.

पुसेगावची_लेक

घाटवाट दादा, इतकं नीट पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. ह्यांना फॉरवर्ड केलं.

थोरली वहिनी (माण)

मी पन्नाशी ओलांडल्यावर शिकले बायांनो. पोरं पुण्याला, ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दूध घालायला आणि बँकेला जायचं म्हटलं की कुणाची तरी वाट बघायची. दहिवडीत एक ताई बायकांना स्कूटी शिकवायच्या, त्यांच्याकडं गेले. पहिल्या दिवशी त्यांनी मागं बसून दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले. लुगड्याचा काष्टा बघून म्हणाल्या, मावशी हेच बेस्ट, पदर खोचा, ओढणीवाल्या पोरींचीच मला काळजी. खरंय ते, ओढणी चाकात जाते, पोरींनी गाठ मारून घ्यावी.

चाळिशीच्या पुढं असलं की डॉक्टरांचा १अ फॉर्म लागतो, डोळे तपासून. तो आधी करून घ्या, नाहीतर हेलपाटा होतो. माझी टेस्ट तालुक्याच्या कॅम्पला झाली. साहेब तरणे होते, म्हणाले मावशी सावकाश, घाई नाही. पास झाले तेव्हा रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता गावातल्या दोघीतिघी माझ्या मागं लागल्यात शिकव म्हणून. मी म्हणते आधी लर्निंग काढा, मग बघू.

मी_मिरजकर

वहिनी, तुम्हाला दंडवत!

पुसेगावची_लेक

वहिनी डोळ्यात पाणी आलं. माझ्या सासूबाईंना दाखवते, त्या ४८ च्या आहेत आणि मनात खूप आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

लेकीला वाचायला देणार म्हणालात म्हणून लिहितो. नाहीतर हा विषय मी टाळतो.

हंगामात आमच्याकडं रात्री रस्त्यावर ऊस असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, शिवाय अंगद (ऊस वाहणाऱ्या छोट्या गाड्या), बैलगाड्या. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला किंवा नाहीच. कडेला बंद पडलेली ट्रॉली समोरच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये अजिबात दिसत नाही. माझा मामेभाऊ तासगाव रस्त्यावर अशाच एका उभ्या ट्रॉलीवर गेला. गाडी उत्तम चालवायचा, लायसन होतं, वेगही फार नव्हता. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.

तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येकाला हेच सांगतो की रात्री आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. समोरून अप्पर मारत गाडी आली तर वेग कमी करा, नजर डाव्या कडेला. डबल ट्रॉलीला ओव्हरटेक करताना ती आपल्याला वाटते त्याच्या दुप्पट लांब असते, आणि मागची ट्रॉली झोकांड्या खाते. पुढं रिकामा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर निघायचंच नाही. उशीर झाला तर होऊ दे.

कारखान्यांवर रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात, आम्हीही मित्र मिळून कापडी पट्ट्या वाटतो. ड्रायव्हर पोरं बिचारी लगेच लावून घेतात, चहा पाजतात.

सोनकी

कृष्णाकाठ दादा, काय बोलू. लिहिलंत हे फार मोठं केलंत. तिला आत्ताच वाचून दाखवलं, गप्प बसून ऐकलं तिनं.

घाटवाट

दादा, पट्ट्या कुठून घेता? उंब्रजच्या बाजूला आम्हीही वाटू.

कृष्णाकाठ

मिरजेत रेडियमच्या दुकानात मीटरवर मिळतात. लाल मागं, पांढरी पुढं, पिवळी बाजूला. सांगतो निरोपात.

कॉलेजकट्टा

एक विचारायचं होतं. लर्निंगवर मैत्रिणीला मागं बसवलं तर चालतं का? आणि माझा भाऊ १६ चा आहे, त्याला आमची ११० ची स्कूटर चालते ना? सगळेच चालवतात क्लासला जाताना.

जुना_नाका (सातारा)

दोन्हीला नाही. लर्निंगवर मागं फक्त शिकवणारा बसू शकतो, तोही लायसनवाला. पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल लावायचा.

१६ व्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं, पालकांच्या संमतीनं. ११० ची त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. "सगळेच चालवतात" हे खरंय आणि म्हणूनच भीती वाटते. क्लास सुटायच्या वेळी आमच्या गल्लीतून एका स्कूटरवर तिघं जातात. बाळा, भावाला सायकल दे दोन वर्षं.

आणि सोनकीताई, लेकीला लायसन विथ गिअरचंच काढायला सांगा. त्यावर विनागिअर चालते, उलटं चालत नाही. नुसतं स्कूटीचं काढून बसलेल्या कितीतरी पोरी नंतर परत टेस्ट देतात.

कॉलेजकट्टा

बरं. भावाला दाखवते. चिडणार आहे.

हळदकांडं

घाटाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून किंवा चक्क बंद करून सोडणारे महाभाग आमच्या गावात आहेत. पसरणी घाटात हे करू नका हो. इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की धरेनासे होतात. ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरायचं, आमचे वडील एसटीत ड्रायव्हर होते, त्यांचं हे सांगणं. स्कूटरला गिअर नसले तरी बंद करू नका, थ्रॉटल सोडून दोन्ही ब्रेक थोडे थोडे, मधे सैल सोडत. आणि ऑगस्टात कासला धुकं असताना रविवारी जाऊच नका, मधल्या वारी जा.

मी_मिरजकर

मधल्या वारी सुट्टी कोण देतं भाऊ :)

हळदकांडं

तेही खरं. मग पहाटे निघा.

पुसेगावची_लेक

हेल्मेटचं सांगा ना कुणीतरी. अंबाड्यावर बसत नाही, म्हणून आमच्यात बायका घालतच नाहीत.

थोरली वहिनी

अंबाडा मानेवर खाली घाल गं, नाहीतर वेणी. मी सैल वेणी घालते.

घाटवाट

दुकानात जाऊन घालून बघा, ऑनलाइन नको. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ लिहिलेलं हवं. घातल्यावर गालाला घट्ट, मान हलवली तर हेल्मेट कपाळाच्या कातडीसकट हललं पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकलून बघा, निघालं तर साईज चुकली. हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली अजिबात घेऊ नका. पट्टा नुसता लोंबत ठेवला तर हेल्मेट आधी उडतं, आणि मागं बसणाऱ्यानंही हेल्मेट घालायलाच हवं, कायदाही तेच सांगतो.

पुसेगावची_लेक

लिहून घेतलं. सासूबाई तयार झाल्यात!! आत्ताच विचारलं.

सोनकी

अगं वा! पुसेगावहून साताऱ्याला आणशील का त्यांना? आमचे हेसुद्धा शेवटी कोर्सला तयार झाले. आमच्या ओळखीच्या एक बाई रविवारी सकाळी चारपाच जणींना एकत्र शिकवतात, सुरुवातीला फक्त तोल, ब्रेक नि हळू चालवणं. लेकीचं नाव घातलंय. एक जागा धरून ठेवू का?

पुसेगावची_लेक

धरा धरा. लर्निंग आज रात्रीच भरते.

जुना_नाका

आधी १अ फॉर्म, त्या ४८ च्या आहेत. आणि लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट तीस दिवसांनंतर. स्लॉट लवकर संपतात, एकतिसाव्या दिवसाची वाट बघत बसू नका, तारखा दिसायला लागल्या की लगेच घ्या. जुन्या लायसनवाल्यांनीही आपापली तारीख बघा, संपून वर्ष उलटलं की परत टेस्ट द्यावी लागते.

मी_मिरजकर

थांबा, बघतो माझी.

मी_मिरजकर

पुढच्या मार्चपर्यंत आहे. आईचं मात्र संपत आलंय, बरं झालं सांगितलंत.