पिंजऱ्यात माणूस, बाहेर गोरिला

आफ्रिकेत फिरलेल्या दु शाय्यू या प्रवाशाने १८६१ च्या पुस्तकात रंगवलेला छाती बडवत अंगावर येणारा गोरिला खरा की तिखटमीठ लावलेला, असा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही. छाती बडवणं, खोटी चाल करून येणं खरंच आहे, पण बहुतेक वेळा ते नुसतं धमकावणं असतं. समोर बंदूक रोखलेला माणूस ते थंड डोक्याने कशाला पाहत बसेल! विनवुड रीड नावाचा तरुण इंग्रज पुढच्याच वर्षी खातरजमा करायला मध्य आफ्रिकेतल्या गॅबनला गेला. तिथल्या शिकाऱ्यांशी बोलून त्याचं मत झालं की गोरिला माणूस दिसला की सहसा पळ काढतो.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो रिचर्ड गार्नर. माकडांची भाषा शिकायची म्हणून हा अमेरिकन गृहस्थ १८९० च्या दशकात गॅबनच्या जंगलात लोखंडी जाळीचा पिंजरा उभारून स्वतःच त्यात राहिला. ११२ दिवस! भाषा काही हाती लागली नाही, पण कल्पना काळाच्या पुढची होती. गोळी न घालता नुसतं बघत बसणं नीट जमलं ते थेट १९५९ मध्ये, जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाला, आफ्रिकेतल्याच विरुंगाच्या डोंगरात. तेही पिंजऱ्याशिवाय.

आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात छापलेली अँड्र्यू बॅटेल या खलाशाची हकिकत आहेच. त्यात 'पोंगो' नावाचे प्राणी (बहुधा गोरिलाच), माणसं निघून गेली की त्यांच्या शेकोटीभोवती येऊन बसतात. आग विझेपर्यंत. लाकूड सरकवायचं त्यांना सुचत नाही म्हणे.