करार पूर्ण करून गेलेला खेळाडू गद्दार कसा?

धरमपेठचा_रेड (मूळ पोस्ट)

रियाल माद्रिदच्या पांढऱ्या शर्टात ट्रेंट अलेक्झांडर-आर्नॉल्ड दिसला की अजूनही डोकं फिरतं. वयाच्या सहाव्या वर्षी लिव्हरपूलनं उचललं, वीस वर्षं घडवलं आणि करार संपायची वाट बघत हा पोरगा फुकटात निघून गेला. दोन वर्षं आधी तोंड उघडलं असतं तर क्लबच्या हातात मोठी रक्कम तरी पडली असती. ११ मे २०२५ ला आर्सेनलविरुद्ध तो मैदानात उतरला तेव्हा अ‍ॅनफिल्डनं (लिव्हरपूलच्या घरच्या मैदानानं) त्याची हुर्यो उडवली, ती योग्यच होती. एकेका क्लबच्या नावानं ओळखले जाणारे जेरार्ड, टोटी, माल्दिनी वेगळ्या मातीचे होते. हा गद्दारच. आताच्या खेळाडूंमध्ये निष्ठा उरलेली नाही.

अजनी_सेंटरबॅक

हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रेंटनं २०२१ च्या जुलैमध्ये चार वर्षांच्या करारावर सही केली. ती चारही वर्षं तो खेळला आणि शेवटच्या मोसमात लीगची ट्रॉफी उचलूनच गेला. करार जूनअखेर संपत होता. क्लब वर्ल्ड कपसाठी तो थोडा आधी हवा होता म्हणून रियालनं लिव्हरपूलला सुमारे १ कोटी युरो मोजले. म्हणजे ‘फुकटात’ हेसुद्धा पूर्ण खरं नाही. दिलेला शब्द त्यानं पाळला. पुढचा शब्द दिला नाही, एवढंच. शब्द न देणं म्हणजे शब्द मोडणं नव्हे.

आणि करार शेवटच्या वर्षात जाऊ दिला कोणी? सलाह, व्हॅन डाइक आणि ट्रेंट या तिघांचे करार एकाच वेळी, जून २०२५ ला संपत होते. सलाह आणि व्हॅन डाइकच्या सह्या एप्रिल उजाडल्यावर झाल्या. कप्तान, सर्वात मोठा गोलस्कोअरर आणि घरचा पोरगा, तिघांचेही कागद इतके लांबले तर त्याचा जाब ऑफिसात बसलेल्यांना विचारायचा की राइट बॅकला?

जेरार्डचं नाव घेतलंत, तर २००५ चा उन्हाळा पण आठवा. इस्तंबूलचा चॅम्पियन्स लीग फायनल जिंकून काही आठवडेच झाले होते. त्यानं ट्रान्सफर मागितली, चेल्सी दारात उभी होती आणि लिव्हरपूलमध्ये त्याच्या नावाचे शर्ट जाळले गेले. मग त्यानं निर्णय फिरवला आणि आज तो निष्ठेचा पुतळा आहे. मला जेरार्ड आवडतो, आजही आवडतो. पण त्याच्याही मनात जायचं आलं होतं, आणि त्यात मला काही पाप दिसत नाही.

आता खरी टोचणारी गोष्ट. स्ट्रायकर अलेक्झांडर इसाकचा न्यूकॅसलशी २०२८ पर्यंत करार होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तो टीमपासून वेगळा सराव करत होता, खेळायला तयार नव्हता. १ सप्टेंबरला लिव्हरपूलनं त्याला साडेबारा कोटी पौंडांना घेतलं. त्या रात्री तुम्हीच ‘अखेर आला आपला नऊ नंबर’ म्हणून आनंदानं लिहिलं होतं. करार पूर्ण करून जाणारा गद्दार आणि करार अर्धा टाकून येणारा आपला? हा कोणता न्याय, भाऊ?

निष्ठेची उधारी फक्त खेळाडूकडूनच वसूल होते. चेल्सीचा कॉनर गॅलाघर लहानपणापासून तिथल्या अकादमीत होता, २०२३-२४ मध्ये कित्येक सामन्यांत कप्तान होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला अ‍ॅटलेटिकोला विकलं. कारण हिशेबात आहे. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून खर्चात दाखवतात. अकादमीतला पोरगा वहीत शून्य किमतीला असतो, म्हणून त्याच्या विक्रीची सगळी रक्कम निव्वळ नफा धरली जाते. खर्चाच्या नियमांत अडकलेला क्लब आधी घरच्या पोराकडे बघतो ते यामुळे. त्या दिवशी क्लबला गद्दार म्हणणारी एकही पोस्ट मी वाचली नाही.

धरमपेठचा_रेड

इसाकचा मुद्दा वेगळा आहे. न्यूकॅसलला साडेबारा कोटी मिळाले, त्यांनी त्यात नवे खेळाडू घेतले. लिव्हरपूलला ट्रेंटच्या बदल्यात काय मिळालं? नुसता खड्डा. क्लबला आपली किंमत मिळू द्यावी एवढंच मागणं आहे. सुआरेझ गेला, कुटिन्यो गेला, दोघांचेही भरपूर पैसे आले. मी त्यांना आजही शिव्या देत नाही.

अजनी_सेंटरबॅक

म्हणजे तुमचं भांडण निष्ठेचं नाहीच, पावतीचं आहे. तसं सरळ म्हणा.

धरमपेठचा_रेड

पावतीचं पण आहे, मनाचं पण आहे. सहा वर्षांचं पोर ज्या गेटमधून आत आलं त्या गेटचा काही हक्क असतो की नाही? रोमाच्या टोटीला रियालनं बोलावलं होतं, तो गेला नाही. १९९३ ते २०१७ एकच शर्ट.

मेकोसाबाग_१०

टोटीवर बोलायचं तर शेवटपर्यंत बोला. शेवटच्या मोसमात त्याला पाच-दहा मिनिटांसाठी उतरवायचे. नंतर क्लबनं डायरेक्टर केलं, पण निर्णयात विचारत नव्हते, म्हणून २०१९ मध्ये तो राजीनामा देऊन बाहेर पडला आणि पत्रकार परिषदेत सगळं बोलला. पाव शतक एका क्लबला दिलेल्या माणसाची ही पाठवणी. मेस्सीचं काय झालं? २०२१ मध्ये अर्ध्या पगारावर राहायला तयार होता, तरी बार्सिलोनाच्या हिशेबात तो बसेना. रडत गेला. आणि करार संपला की फुकटात जायचा हक्क ज्याच्या खटल्यामुळे या सगळ्यांना मिळाला तो बोस्मान? त्याचा करार संपला होता, तरी बेल्जियमचा क्लब त्याला डंकर्कला सोडायचे पैसे मागत होता. १५ डिसेंबर १९९५ ला तो केस जिंकला, पण तोवर त्याचं स्वतःचं खेळणं जवळजवळ संपलं होतं.

कामठीचा_कोच

तुम्ही सगळे लिव्हरपूल अन् रोमाचं बोलून राहिले. बोला. पण पोरगा फुकटात गेला की खालच्याचं काय होते, हे कोणी बोलून नाही राहिलं.

फिफाचा नियम आहे. खेळाडू परदेशी क्लबला विकला की ट्रान्सफरच्या रकमेतले पाच टक्के त्याले बारा ते तेवीस वर्षांच्या वयात घडवलेल्या क्लबांमध्ये वाटतात. गल्लीतल्या क्लबलेही हिस्सा भेटते. पण करार संपवून पोरगा गेला त ट्रान्सफरची रक्कमच नाही. शून्याचे पाच टक्के किती होतात? एम्बापे २०२४ मध्ये पॅरिसहून रियालला तसाच गेला. त्याच्या गावच्या बाँडी क्लबच्या ताटात त्यातून काय पडलं? तुम्ही म्हणता ट्रेंटनं शब्द पाळला. बरोबर आहे. पण ट्रेंटचा पहिला क्लब अन् मोठा क्लब एकच होता. बाकीच्यांचा नसते.

आमच्याकडं त हे बी नाही. पोरगं मैदानावर येते तेव्हा पायात चप्पल असते. पहिले बूट मी घेऊन देतो, तेही एक नंबर मोठे, म्हणजे दोन पावसाळे चालले पाहिजेत, पुढच्या टोकात कापूस कोंबून. सकाळी साडेपाचला मैदानावर मी, चुना मी मारतो, बॉलमध्ये हवा मी भरतो. पोरगं सतरा-अठराचं झालं, डाव्या पायानं क्रॉस टाकायला लागलं की शहरातला क्लब येते, गाडीच्या पेट्रोलचे पैसे अन् नोकरीचं गाजर दाखवते, अन् पोरगं मले न सांगता जाते. मैदानावर दुसऱ्या शर्टात दिसते तेव्हा मले समजते. याले तुम्ही करार पूर्ण करणं म्हणाल?

जरीपटका_विंगर

सर, तुम्ही बुटाचं बोललात, मी एनओसीचं, म्हणजे जुन्या क्लबच्या ना हरकत दाखल्याचं बोलतो.

मी अशाच एका क्लबचा होतो. नाव घेत नाही. माझा कुठलाही करार नव्हता, पगार नव्हता, प्रवासाचे पैसेसुद्धा घरून आणायचो. एका खात्याच्या टीमची ट्रायल होती, खेळाडू कोट्यातून नोकरी लागण्याची संधी होती. फॉर्मवर जुन्या क्लबची सही-शिक्का हवा होता. बाकी सगळे रकाने भरलेले, खाली उजव्या कोपऱ्यातला तो एकच चौकोन रिकामा. सेक्रेटरी म्हणाले, संध्याकाळी ये. संध्याकाळी म्हणाले, शिक्का दुसऱ्याकडे आहे. मग म्हणाले, स्पर्धा संपू दे, आम्हाला विंगर नाही. ट्रायलची तारीख निघून गेली. त्या ट्रायलमधून निवडलेली पोरं आज कायम नोकरीत आहेत. मी खासगी गोदामात रात्रपाळी करतो.

आणि माझ्याच क्लबची माणसं नंतर चहाच्या टपरीवर सांगत होती की पोरांना निष्ठा नाही.

कामठीचा_कोच

ते चुकीचं केलं त्या लोकांनी. पण सगळ्या क्लबांले एका माळेत ओवू नका. मी कोणाची नोकरी अडवली नाही.

जरीपटका_विंगर

नोकरी अडवली नाही. दुसऱ्या क्लबला जाणाऱ्याला अडवलं का नाही, ते सांगा.

कामठीचा_कोच

अडवलं. अन् अडवणारच. सामने तोंडावर असताना तीन पोरं एकाच वेळी गेली त मैदानात उतरवू कोणाले, स्वतःले? तुले वाटते क्लब म्हणजे कोणाची तरी तिजोरी आहे. आमच्या क्लबचं ऑफिस म्हणजे माझ्या घरातली लोखंडी पेटी आहे. त्यात जर्सी, नेट अन् रजिस्ट्रेशनचे कागद. बायको त्या पेटीवर गाद्या रचते. मोठ्या क्लबांवरचा राग माझ्यावर काढू नको.

जरीपटका_विंगर

पेटी लोखंडी असो की सागवानी, आत माझा कागद अडकला तर माझ्यासाठी दोन्ही सारखंच. बोस्मानला जे केलं तेच तुम्ही करता, फक्त तुमच्याकडे पैसे नाहीत म्हणून तुमच्याबद्दल सगळ्यांना दया येते. मला येत नाही.

धरमपेठचा_रेड

अरे, मूळ विषय ट्रेंटचा होता.

मेकोसाबाग_१०

हाच मूळ विषय आहे. ट्रेंटकडे एजंट आहे, वकील आहे, शिवाय रियालचा फोन. या विंगरकडे एक फॉर्म होता.

मानकापूरची_आई

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, गोलकीपर. तिला एका अकादमीत घातलं तेव्हा माझ्यापुढे चार पानं ठेवली. प्रवेशाचा फॉर्म आहे म्हणाले. घरी येऊन वाचलं तर आत ओळ होती की ती मधूनच सोडून गेली तर पूर्ण वर्षाची फी द्यावी लागेल आणि दुसरीकडे खेळायला अकादमीची लेखी परवानगी लागेल. फी मी भरते, किट मी विकत घेते, ने-आण मी करते, आणि परवानगी त्यांची? त्यांनी तिच्यावर काय खर्च केला म्हणून ती बांधली गेली? कोच सरांचं मला पटतं, कारण ते स्वतःच्या खिशातून बूट देतात. पण फी घेणाऱ्यांनी निष्ठेची भाषा करू नये. आणि पालकांनो, सही करण्याआधी वाचा. तिथेच उभं राहून वाचा, मागे रांग लागली तरी वाचा.

अजनी_सेंटरबॅक

ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे.

वरच्या थरातही आपल्याकडे वेगळं काय आहे? जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) मोसम लांबणीवर टाकला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या टीमच्या खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार थांबवले. सुनील छेत्री २०१३ पासून ज्या क्लबशी जोडलेला आहे, तो हा क्लब. क्लबची अडचण मी समजू शकतो, लीगच नाही तर पैसा कुठून येणार. पण त्या महिन्यात एखादा खेळाडू दुसरीकडे गेला असता तर आपण त्याला काय म्हणालो असतो?

धरमपेठचा_रेड

आणि अन्वर अली? २०२४ मध्ये मोहन बागानशी केलेलं लोनचं (उसनं खेळण्याचं) कागदपत्र मधेच तोडून ईस्ट बंगालला गेला. भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या समितीनं चार महिन्यांची बंदी आणि १२ कोटी ९० लाखांची भरपाई सुनावली, मग प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि तो खेळतच राहिला. तिथेही खेळाडूच बरोबर का?

अजनी_सेंटरबॅक

नाही. तिथे कागद मधेच मोडला. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय. अन्वरला बोला, इसाकला बोला, मी तुमच्यासोबत आहे. ट्रेंटला नाही.

धरमपेठचा_रेड

ठीक आहे. गद्दार हा शब्द मागे घेतो, इसाकची अडचण होते म्हणून. बाकी एक अक्षर मागे घेत नाही. हुर्यो उडवणाऱ्यांनी तिकिटाचे पैसे भरले होते आणि त्यांना वाईट वाटलं होतं. करारात नसलेलं दुःखही दुःखच असतं.

अजनी_सेंटरबॅक

त्याच लोकांनी २५ मेला क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्यात त्याच्यासाठी टाळ्याही वाजवल्या. दोन आठवड्यांत अ‍ॅनफिल्डचा राग निवळला, धरमपेठेत अजून धुमसतोय.

कामठीचा_कोच

विंगर, तुले सांगतो. त्या सेक्रेटरीनं जे केलं ते मी करणार नाही. खात्याची किंवा रेल्वेची ट्रायल असली त पोरगा रात्री अकराले आला तरी सही करीन. पण क्लब बदलायचा असल त हंगाम संपल्यावर तोंडानं सांगायचं. मागून नाही.

जरीपटका_विंगर

तोंडी नको सर. लिहून द्या. पोरगा क्लबमध्ये येतो त्याच दिवशी, की हंगाम संपल्यावर इतक्या दिवसांत एनओसी मिळेल. तुमची सही, त्याच्या बापाची सही. एक प्रत पोराच्या घरी.

कामठीचा_कोच

देतो लिहून. पंधरा दिवस टाकतो. पण त्याच कागदावर हे बी लिहीन की मधेच गेला त बूट अन् ट्रॅकसूट जमा करून जायचा. बूट धुतलेले पाहिजेत.

जरीपटका_विंगर

पंधरा नाही, सात.